काचेतलं घड्याळ

३ जानेवारी १९३८

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. हे म्हणाले, नवी आणू. कशाला? हे ज्यांवरून फोटो छापतात त्या जुन्या काचा माळ्यावर धूळ खात पडल्यात. सोड्याच्या गरम पाण्यात घासल्या की वरचा चित्राचा मसाला निघतो — काच ती काच! तेवढाच खर्च वाचला. हे नुसतं हं म्हणाले.

दुपारी हे बाहेर असताना एक म्हातारे गृहस्थ यांच्या फोटो स्टुडिओत आले. फोटो नको म्हणाले. भिंतीवरच्या आमच्या घड्याळाकडे टक लावून बसले. त्यावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा.

४ जानेवारी

ते गृहस्थ म्हणजे घरमालकांच्या खुनाचा तपास केलेले इन्स्पेक्टर! आता निवृत्त. बारा वर्षांनी हे भूत पुन्हा उठलं. कोर्टातला जुना फोटो घेऊन आले होते, आम्हा दोघांना दाखवला. यांचा चेहरा पांढराफटक. जेवलेसुद्धा नाहीत.

मालकांना मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरात कोणी तरी मारलं. संध्याकाळी सातच्या आगेमागे. मी तेव्हा माहेरी होते. पहिला संशय त्यांच्या पुतण्यावर. पण तो त्या वेळी आमच्याकडे फोटोला बसलेला — त्याच्या मागे आमच्या घड्याळात सातला दहा कमी. तोच हा कोर्टातला फोटो. तो सुटला. शेजारच्या शिंप्याची कात्री तिथे सापडली, तो गेला जन्मठेपेवर.

मालक आम्हाला जागा खाली करा म्हणून मागे लागले होते. पुतण्याने राहू दिलं. छप्पर टिकलं म्हणून मी आजही रोज देवापुढे हात जोडते.

६ जानेवारी

माळ्यावरून काचा उतरवल्या. घासण्याआधी एकेक उजेडात धरून बघायची माझी सवय. एकीत पुतण्या! मसाल्याची बाजू मंद असते, दुसरी चकचकीत. चकचकीत बाजू माझ्याकडे धरली, तसंच खरं चित्र दिसतं — घड्याळात पाच वाजून दहा. उलटी फिरवली — सातला दहा कमी! कोर्टातल्या फोटोत होती तीच वेळ.

काच उलटी ठेवून छापली की डाव्याचं उजवं होतं. घाईगर्दीत होते ही चूक. देवा, चूकच असू दे. तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवली.

७ जानेवारी

चूक नाही. नुसती उलटी छापली असती तर कोटाचा खिसाही उजवीकडे गेला असता. इन्स्पेक्टरांच्या फोटोत तो डावीकडेच होता. आज काच नीट पाहिली — खरा खिसा खरवडून काढलाय, दुसऱ्या बाजूला बारीक पेन्सिलीने नवा रेखलाय. हा यांचाच हात, मी ओळखते.

पुतण्यानेच गळ घातली असणार. जागेसाठी हे कबूल झाले असतील. आणि शिंप्याची बायको अजून आमचे पडदे शिवते, दर वेळी विचारते, "वहिनी, सुटतील का हो ते?"

जेवताना हे म्हणाले, "माळ्यावरच्या काचा कोणी हलवल्या?"

म्हटलं, उंदीर असतील. यांच्याशी इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते. हे माझ्या हातांकडे बघत राहिले.

९ जानेवारी

मी पोथी घेऊन बसले. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मान वर केली तर हे दारात उभे. किती वेळ, कोण जाणे.

१० जानेवारी

हे फोटो धुवायची औषधं आणायला गेले. मागच्या दाराने इन्स्पेक्टरांना बोलावून घेतलं, काच त्यांच्या हातात दिली. म्हटलं, पुतण्याला धरा, पण यांना सांभाळून घ्या. यांच्यावर त्याचं दडपण असणार.

त्यांनी काच उजेडात धरून पाहिली. शिंप्याला आपणच आत घातलं, म्हणाले, झोप लागत नाही. पुतण्या गेल्या महिन्यात परगावी वारला, इथे कळलं नसेल. मरण्याआधी इस्पितळात त्यांना बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी पाचला फोटो काढून तो जुगाराच्या अड्ड्यावर गेला होता. लाजेने बोलला नाही, आयता फोटो मिळाला तो पदरात पाडून घेतला.

"आयता म्हणजे?" मी विचारलं.

"त्याने मागितला नव्हता, वहिनी. तुमच्या यजमानांनीच आपणहून आणून दिला."

१० जानेवारी, संध्याकाळ

फोटो काढणारा फोटोत दिसत नाही. पण तोही त्या वेळी तिथेच होता, हे सगळे धरूनच चालले. मीसुद्धा.

इन्स्पेक्टर शिपायांना आणायला गेलेत. अजून आले नाहीत. हे मात्र आलेत. मला हाक मारली नाही. स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीचं झाकण वाजलं.