खाली हा शब्द

प्रिय बिरदेव,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तू काढून दिलेला विहिरींच्या पाण्याचा आलेख सगळ्यांना लगेच कळला. ते चूक होतं. सगळ्यांना तो उलटा कळला.

हे मला आबांमुळे समजलं. माळावरच्या विहिरीत कासरा पुरत नाही म्हणून त्यांनी त्याला जास्तीचा दोर जोडला होता, ठाऊक आहे ना तुला? परवा मेंढरांना पाणी पाजायला गेले आणि बादली अधांतरी लोंबकळत राहिली. सभेहून आल्या आल्याच त्यांनी जोडलेला दोर सोडून मेंढवाड्याला बांधला होता. मी विचारलं तर म्हणाले, "तूच दावलंस की पडद्यावर, पाणी वर आलंय. कासराच आटला आसंल." आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिली. ते कासऱ्यावर संशय घेतील, माझ्यावर घेणार नाहीत.

मग तुझा आलेख पुन्हा उघडला. दर वर्षाचा निळा खांब आधीच्यापेक्षा उंच. अगदी टाकी भरत चालल्यासारखा. पण मी मोजते ते काठापासून पाणी किती हात खाली आहे ते. आकडा वाढला की पाणी गेलं. तुला पाठवलेल्या कागदावर मी 'पाणी किती हात खाली' असं लिहिलं होतं. तुझ्या आलेखावर नुसतं 'पाणी, हातांत' आहे. माझ्या डोक्यात 'खाली' पक्कं होतं, म्हणून पडद्यावर ते नाही हे मला दिसलंच नाही. आणि लोकांचं काय झालं असेल? प्रत्येकाला वाटलं, गावाचं पाणी वाढलंय, आपल्याच विहिरीचं काहीतरी बिनसलंय.

चूक कुणाचीही होते. पण मला आता एकेक गोष्ट आठवते आणि झोप लागत नाही. मी म्हटलं होतं, वर्षं एकापुढे एक आहेत, रेघ काढ, उतरती. शून्य वर काठाशी ठेव. तू म्हणालास, "रेघ कुनाला कळती? खांब काढू, झ्याक दिसत्यात." सभा संपल्यावर तुझा पहिला प्रश्न होता, "कुनी काय इचारलं का?" कसं झालं, हे तू विचारलं नाहीस. आणि तुझे दौंडचे मालक, बोअरची मशिनं चालवणारे, त्या दिवशी पुढच्या ओळीत का बसले होते? मला वाटलं, आपल्या सोयरिकीमुळे आले. आईने त्यांना आधी चहा दिला. त्याच सभेत, तोच आलेख बघून, बाटलीतल्या पाण्याच्या कारखान्याला तलावाखाली खोल बोअर घ्यायला लोकांनी माना डोलावल्या. आता कळतंय, ती बोअर तुमचीच मशिनं घेणार आहेत.

हे फोनवर विचारलं असतं तर तू हसून उडवलं असतंस आणि मीही हसले असते. म्हणून लिहिते. तो शब्द तुझ्या हातून गळला, की तू गाळलास? गळला असेल तर ये आणि माझ्याशेजारी उभा राहून तसं सांग. मी चारचौघांत तुझी बाजू घेईन. गाळला असशील तर तुझ्या आईला मीच सांगेन की साखरपुड्याची साडी घेऊ नका. मी नवा आलेख हातानेच काढलाय. काठाची रेघ वर आणि तिच्यापासून खाली लोंबणारे कासरे, दर वर्षी लांब होत गेलेले. जुना कुणी काढला, असं विचारलं तर नाव लपवणार नाही. बोअरचा ठराव पक्का व्हायच्या आधी, शुक्रवारी, १ मे रोजी, मी तो ग्रामसभेत लावणार आहे.

अजून तरी तुझीच,
प्रगती