फाट्यावरचे तीन ढीग

बिग बेंड, नदीकाठचा तळ
२७ मार्च, गुरुवार, सकाळ

प्रिय लाईल,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं हिल्डामावशीकडून कळलं. बरं वाटलं. मी ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि कुत्रा गेल्यापासून घर जरा जास्तच स्वच्छ राहतं.

नाताळची माझी कार्डं तू न फोडता परत पाठवतोस. म्हणून या वेळी पाकिटावरचा पत्ता शेजारच्या तंबूतल्या बाईंकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी माफ कर. फाडायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड.

होय, मी बिग बेंडच्या वाळवंटात आले आहे, एकोणीस वर्षांनी. डॅडींचाच हिरवा तंबू, तोच बिडाचा तवा. फोर्ट स्टॉक्टनला पेट्रोल भरलं तेव्हा सवयीने कोलाची पावांचे तीन पुडे घेतले आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं की खाणारी मी एकटी. यंदा ब्लूबॉनेटची निळी फुलझाडं रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढी आलीत. ओकोटियोच्या काटेरी फांद्यांच्या टोकांवर लाल फुलं आहेत. डॅडी असते तर प्रत्येक वळणावर पिकअप थांबवून आपल्याला खाली उतरवलं असतं आणि तू पाय आपटत उतरला असतास.

परवान्याच्या खिडकीवर एक रेंजर मुलगी होती. माणशी रोज एक गॅलन पाणी, जादा टायर, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "आणि मॅडम, वाटेवरचे दगडांचे ढीग बांधूही नका, पाडूही नका. पुढच्या माणसाला वाट तेवढ्यावरच कळते."

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे, बाळ."

"ठाऊक असलेलेच जास्त पाडतात," ती म्हणाली. तिला काय कल्पना! मी मान खाली घालून सही केली. तिथून तळापर्यंत गाडी कशी चालवली, मला आठवत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. बरेच दिवस शब्द जुळवते आहे, पण छान शब्दांत सांगण्यासारखं ते नाहीच.

तुला ती सकाळ आठवते. आठवत नसेल असं मी कशाला म्हणू! आपण मातीच्या रस्त्याकडेला तळ टाकला होता. डॅडींना नदी दिसते त्या कड्यापर्यंत जाऊन जेवायच्या आत परत यायचं होतं. मी स्टोव्हवर कॉफी करत होते आणि तुमचं भांडण माझ्यासमोरच झालं.

तू म्हणालास, "डॅडी, किल्ल्या माझ्याकडे द्या आणि घरी गेल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. काल तुम्ही सॉसेज समजून तव्यातला चिमटा परतत होता."

"मी या वाळूत तुझ्या जन्माआधीपासून चालतोय. येतोस की नाही, तेवढं बोल."

"डोळे दाखवायचं कबूल करा, येतो. नाहीतर तुमचा हट्ट तुम्हाला लखलाभ."

ते गेले. तू रागाने तंबूत जाऊन पडलास. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलं. पण नऊच्या सुमाराला मी काय केलं, ते कोणाला माहीत नाही.

मी पाय मोकळे करायला कोरड्या ओढ्यातून वर गेले. जिथे वरून येणाऱ्या ओढ्याला दोन फाटे फुटतात, तिथे दगडांचे तीन छोटे ढीग होते, प्रत्येकावर एक चपटा दगड. आदल्या दिवशी ऑस्टिनहून आलेली ती कॉलेजची मुलं आठवतात? फोटो काढायला जिथे तिथे दगडांचे मनोरे रचत होती. मला वाटलं, त्यांचाच उद्योग. डॅडींनीच तर शिकवलं होतं आपल्याला: दगड जिथला तिथे राहू द्या, आपण येऊन गेलो हे वाळवंटाला कळता कामा नये. मी तिन्ही ढीग लाथेने उडवले. दगड चांगले लांबवर फेकले. मला मजा आली, लाईल. तेही लिहायला हवं. वाळवंटाची मोठी राखणदार असल्यासारखी मी शीळ घालत परत आले आणि तुला कॉफी दिली.

डॅडी तिसऱ्या दिवशी उजव्या फाट्यात चार मैल खाली सापडले. खडकाच्या सावलीत बसलेले, बाटली रिकामी. मार्चच्या मानाने त्या दिवसांत ऊन भाजून काढणारं होतं.

त्यांच्या वस्तूंची पिशवी रेंजरनी माझ्या हातात दिली, कारण तू खाली मान घालून पिकअपच्या पायरीवर बसला होतास. त्यांच्या शर्टाच्या खिशात पशुखाद्याच्या दुकानाच्या पॅडचं पान होतं. चौथीतल्या मुलासारखं मोठं मोठं अक्षर, स्वतःला वाचता यावं म्हणून. 'येताना फाटा. तीन ढीग, वर चपटा दगड. डावीकडे वळायचं.'

तुझं सगळं खरं होतं. त्यांना दिसत नव्हतं, आणि ते त्यांना माहीत होतं. आपल्यासमोर कबूल करायची लाज वाटली म्हणून आयुष्यभराचा नियम मोडून त्यांनी जाताना ते ढीग रचले होते.

घरी मम्माने विचारलं, "ते एकटे का गेले?" चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, "लाईल नाही म्हणाला." डोळ्यांच्या डॉक्टरचं मी तिला सांगितलं नाही. फक्त तुझं 'लखलाभ' सांगितलं. त्या एका शब्दावर तिने तुझे फोन घेणं बंद केलं आणि तशीच गेली. तिच्या दफनाच्या वेळी तू चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला होतास. मी पहिल्या बाकावर. मावशी माझ्या कानात म्हणाली, "बापाला एकटं सोडणारा आला बघ." मी तिचा हात दाबला. नुसता हात दाबला.

मला वाटायचं, वर्षं गेली की हे विरेल. उलट ते मला आतून खात गेलं. पण मला काय झालं, हे तुझ्यापाशी रडून सांगायचा मला हक्क नाही.

काल त्या फाट्यावर गेले. तिथे आता काही नाही, वाळू आणि दगड. मग डावीकडे वळले आणि घड्याळ लावून चालले. आपण पिकअप उभा केला होता त्या जागी पोचायला मला चाळीस मिनिटं लागली. माझे गुडघे तुझ्यापेक्षा वाईट आहेत.

रविवारी परत निघेन. वाटेत मावशीकडे थांबणार आहे. ती अठ्ठ्याऐंशीची आहे, पण ऐकू व्यवस्थित येतं. तिला हे सगळं तोंडाने सांगेन, आणि इस्टरला जेवायला येतील त्या सगळ्यांनाही. तू उत्तर दिलंस किंवा नाही दिलंस, तरी सांगेन. मम्माला मात्र आता सांगता येत नाही. ते मी तुझ्याकडून हिरावून घेतलं, आणि ते परत देता येण्यासारखं नाही.

तू बापाला एकटं सोडलं नाहीस, लाईल. तू त्यांना अडवत होतास. अडवणारा आपल्यात तू एकटाच होतास.

चालत असेल तर तुझी बहीण, नाहीतर नुसती
व्हर्ना

ता. क. डॅडींची चिठ्ठी सोबत ठेवली आहे. तीच, खिशातली. नक्कल काढलेली नाही. ती तुझ्याकडेच असायला हवी होती.