बाईंना दाखवायची वही

सोमवार, ३ जुलै

नव्या बाईंनी आज प्रत्येकाला एक कोरी वही दिली. फुकट! आमच्या वर्गाला फुकट फक्त बोलणी मिळतात. म्हणून सगळे आधी वही उलटीसुलटी करून बघत होते.

आम्ही म्हणजे मागची खोली. नापास झालेले, बाकीच्या तुकड्यांना नकोसे झालेले. शाळेतली मोडकी बाकं आणि आम्ही, एकाच खोलीत टाकलेलं सामान.

बाई म्हणाल्या, "रोज लिहायचं. काहीही. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात." (आणि ही म्हणे भाषेची शिक्षिका!) "पान भरलंय का एवढंच मी बघीन. मी वाचू नये असं वाटेल ते पान दुमडून ठेवा. दुमडलेलं मी उघडणार नाही."

हो का! आणि मांजर दुधाकडे पाठ करून बसतं.

माझ्या आता दोन वह्या. एक बाईंना दाखवायची. आणि ही – गेल्या वर्षीच्या भूगोलाची, मागची पानं कोरी आहेत. खरं काय ते इथेच.

बुधवार, ५ जुलै

बाईंच्या वहीत लिहिलं – आईने हाक मारून उठवलं, वेणी घातली, डबा भरून दिला, मी वळणावर जाईपर्यंत खिडकीत उभी होती. लिहिताना मलाच छान वाटलं.

खरं असं – आई घरी नाही. दवाखान्यात आहे. मनाच्या आजाराच्या. कुणी नेऊन टाकलं नाही, ती स्वतःच गेली. पिशवी भरली आणि म्हणाली, "आता नाही गेले तर काहीतरी करून बसेन गं. बारकीला सांभाळ. कुणाला बोलू नकोस." डॉक्टर म्हणाले, सध्या भेटायला येऊ नका. शेजारी विचारतात, त्यांना सांगितलंय – मावशी आजारी आहे, तिच्याकडे गेली.

कळलं तर काका येईल. बाबा गेले तेव्हाच म्हणाला होता, "वहिनी हळवी आहे. तिला झेपलं नाही तर धाकटीला मी नेतो, मोठीला वसतिगृहात घालू." कपाट तुमचं, टेबल आमचं – तसं! बारकी आठ वर्षांची आहे. माझा हात धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

तेव्हा तोंडाला कुलूप.

शुक्रवार, ७ जुलै

बाई माझ्याकडे बघतात. बघतात सगळ्यांकडेच, पण माझ्यावर नजर जरा जास्त रेंगाळते. आज विचारलं, "जेवलीस का?" असं कोणती शिक्षिका विचारते? वर्गातल्या लंबूला नाही विचारलं. तो तर जन्माचा उपाशी दिसतो.

कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ११ जुलै

आज लंबूने स्वतःहून आपलं पान वाचून दाखवलं. लंबू! दोन वर्षं एकाच इयत्तेत, धडा वाचायला सांगितला की खोकला काढतो. आज उभा राहिला. वही नाकाशी धरली. एकेक शब्द ओढून काढत होता. त्याने लिहिलं होतं – 'मला अक्षरं हलताना दिसतात. लहानपणी वाटायचं सगळ्यांनाच दिसतात. मग कळलं मलाच. तेव्हापासून मी खोकतो.'

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा पक्यासुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "बस. उद्यापासून तुला मोठ्या अक्षरात देते." बस्स, एवढंच.

पण गोड बोलून माणसं उघडी करायची, मग वर जाऊन सगळं सांगायचं – असंही असतं ना? मोठे सर आज जिन्यात थांबवून म्हणाले, "काय गं, घरी ठीक ना सगळं?" आजवर कधी विचारलं नव्हतं! यांना कुणी पढवलं?

बुधवार, १२ जुलै

ठरलं. सापळा लावायचा.

बाईंच्या वहीत लिहिलं – 'शुक्रवारी मधल्या सुट्टीत आम्ही प्रयोगशाळेचं कुलूप तोडणार.' आणि पान दुमडलं. घट्ट.

शुक्रवारी तिथे शिपाई उभा दिसला, मोठे सर दिसले – की समजायचं.

शुक्रवार, १४ जुलै

मधल्या सुट्टीत खांबाआडून बघितलं. शिपाई नाही. मोठे सर नाहीत. प्रयोगशाळेच्या पायरीवर बाई. एकट्या. मांडीवर डबा.

मला बघून म्हणाल्या, "ये. हातोडा आणलायस की नुसतीच आलीस?"

मी ओरडलेच. "तुम्ही दुमडलेलं पान उघडलंत!"

"उघडलं." मान खाली नाही, काही नाही! "तू रोज मोकळं पान देतेस. अचानक एक दुमडलंस, आणि तेही असं की फाटेल. राहवलं नाही. चुकलंच माझं."

"मोठ्या सरांना सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मी इथे बसून गार डबा कशाला खाल्ला असता?"

जायला वळले तर मागून म्हणाल्या, "तुझ्या वहीतली आई कधी चिडत नाही. दमत नाही. एकदाही आजारी पडत नाही. मला तिची फार काळजी वाटते गं."

मी पळाले. हिला माहीत आहे. काय माहीत आहे? किती माहीत आहे?

रविवार, १६ जुलै

काका आला.

सकाळी दार उघडलं तर समोर काका, हातात बॅग. "मला सगळं कळलंय," म्हणाला. मी विचारलं, कुणी सांगितलं? "ते सोड. मी शब्द दिलाय."

शब्द! मोठी माणसं एकमेकांना शब्द देतात, आणि मोडतात आमचे!

बाईच. दुसरं कोण? शुक्रवारी ते आईचं बोलणं, आणि दोन दिवसांत काका दारात. बारकी कोपऱ्यात बसून नखं खातेय. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी तुला नेऊ देणार नाही. तर अजूनच रडायला लागली.

सोमवार, १७ जुलै

मोठ्या सरांकडे गेले. सांगून टाकलं – बाई आमची दुमडलेली पानं वाचतात. त्यांनी बाईंना बोलावलं. मी तिथेच.

"वाचलंत तुम्ही?"

"हो. एक पान."

"का? काय होतं त्यात?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. आता सांगतील – कुलूप, आई, सगळंच!

"ते मी सांगू शकत नाही," म्हणाल्या. "चूक माझी आहे."

मोठे सर भडकले. वह्या बंद. बाईंना ग्रंथालयात बसवलं, पुस्तकांना नंबर चिकटवायला. वह्या गोळा करायला शिपाई आला तेव्हा लंबू स्वतःच्या वहीवर बसला. चक्क बसला! "उचला मला," म्हणाला. एवढं धूड कोण उचलणार?

मी जिंकले ना? मग जेवण का जात नाही?

मंगळवार, १८ जुलै

नवे सर व्याकरण लिहून देतात. लंबू पुन्हा खोकतो.

गुरुवार, २० जुलै

बारकीने तोंड उघडलं. पांघरुणात, माझा हात धरून. "ताई, मारणार नाहीस ना? काकाला मीच फोन केला. औषधाच्या दुकानातून."

मी उठूनच बसले. का? का गं बाई?

"तू नळ सोडून रडतेस. मला ऐकू येतं. मला वाटलं तू पण पिशवी भरून जाशील."

मारलं नाही. काय मारणार?

बाहेरच्या खोलीत काका जमिनीवर झोपलाय. आल्यापासून त्याने बारकीला नेण्याचा विषय काढलेला नाही. गळका नळ बसवला, दूध आणतो, माझ्या शर्टाची गुंडी लावून ठेवली – उलट्या बाजूने! आज रात्रीच्या भांड्यांना लागला तेव्हा मी सरळ विचारलं, "आमची वाटणी कधी करणार?" तो हात धूत थांबला. "तेव्हा मूर्खासारखं बोललो. बाबा गेला होता तुझा, मलाही काही कळत नव्हतं. वहिनी घरी येईपर्यंत इथेच आहे मी. तिघं मिळून बघू."

लगेच विश्वास नाही ठेवला. पण अर्धा ठेवला.

मग बाई?

शुक्रवार, २१ जुलै

मोठ्या सरांसमोर उभी राहिले. "सर, ते पान त्यांनी वाचावं म्हणूनच मी लिहिलं होतं. त्यांना पकडायला. त्यात जे होतं ते खोटं होतं. माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून त्या गप्प बसल्या."

मागे खोकला ऐकू आला. लंबू! त्याच्या मागे पक्या, आणि मागची अख्खी खोली. दारात मावेनात. लंबू म्हणाला, "सर, आम्हाला त्याच बाई पाहिजेत."

मोठ्या सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. खूप बोलले. शेवटी म्हणाले – सोमवारपासून बाई वर्गावर येतील. पण दुमडलेल्या पानाला हात लावणार नाहीत, असं लिहून द्यायचं.

ग्रंथालयात गेले. बाई नंबर चिकटवत होत्या. मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हीच काकाला सांगितलं." त्या नुसत्या हसल्या. "संशय घ्यावा. पण सोडताही यावा. जेवलीस का?"

तरी एक गोष्ट कळत नाही. माझ्यावरच का एवढी नजर? पहिल्या आठवड्यापासून?

रविवार, २३ जुलै

आज आईला भेटू दिलं. काका, बारकी, मी. आई बारीक झालीय, पण बोलते. बारकीला मांडीवरून उतरू देईना. काका चहा आणायला गेला तेव्हा तिने मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या शाळेत मी इथून फोन करायची. मोठे सर उचलायचे, तुझ्या बाईंना बोलावून द्यायचे. म्हटलं, पोरीवर जरा लक्ष ठेवा. पण माझ्या आजाराचं कुणाला बोलायचं नाही, अशी शपथ घातली होती. बोलल्या तर नाहीत ना गं कुणाला?"

"नाही आई," मी म्हटलं. "कुणालाच नाही."