पिवळ्या पक्ष्याचा हातोडा

३ फेब्रुवारी

माझ्या हातचं या घरात: जेवणाचं टेबल, दोन कपाटं, लेकीचा पाळणा, आणि एकतीस लाकडी पक्षी. पक्षी तिच्याचसाठी. एकेक खिडकीत टांगायचा आणि त्याचं इंग्रजी नाव कुठून आलं ते तिला सांगायचं. मला इंग्रजी कोणी शिकवलं नाही. जुन्या बाजारातल्या फाटक्या कोशांवर शिकलो. नाइटिंगेल म्हणजे रात्री गाणारी. लिनेट जवस खाते म्हणून लिनेट. रेडस्टार्टमधला ‘स्टार्ट’ म्हणजे जुन्या बोलीत शेपूट — तांबडशेपट्या!

आज तिचं पुस्तक आलं. गाणाऱ्या पक्ष्यांची इंग्रजी नावं. वर तिचं नाव. माझं कुठेच नाही.

४ फेब्रुवारी

पुन्हा पाहिलं. आभारांत फोटोवाला आहे, प्रकाशकाची बायको आहे. लेकीची मांजरसुद्धा आहे!

७ फेब्रुवारी

बायको म्हणते, “अहो, पोटच्या पोरीचं कौतुक करताना जीभ झिजते का?”

कौतुक कसलं? पान चौतीस. यलोहॅमर: ‘हा पिवळा पक्षी चोचीनं हातोड्यासारखे घाव घालतो, म्हणून हॅमर.’ धादांत खोटं! ते बहुतेक एका जुन्या जर्मन पक्षीनावाचं उरलंसुरलं रूप आहे. हातोड्याशी सुतराम संबंध नाही.

फोन लावला. “हे कुठून उचललंस?”

ती हसली. “बाबा, तूच सांगितलं होतंस. मला ताप होता, मी रडत होते. तू हातोडी घेऊन टेबलावर ठकठक करून दाखवलीस. बाकी सगळं पडताळलं मी. एवढं एकच नाही.”

म्हणालो, छापण्याआधी पडताळायचं असतं. ठेवला फोन.

८ फेब्रुवारी

रविवारी प्रकाशन. पहिल्या रांगेत माझी खुर्ची राखलीय म्हणे. बायकोनं न विचारता माझ्या शर्टाला इस्त्री केली. मी म्हणालो, मला काम आहे.

“कसलं?”

“कपाटाची बिजागरी कुरकुरतेय.”

“ती कधीचीच कुरकुरतेय. घरधन्यावर गेलीय!”

११ फेब्रुवारी, रविवार

बिजागरीला तेल घातलं. दुपारभर घरात एकटाच.

बायको परत आली. चप्पल काढता काढता म्हणाली, “शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाही तिनं त्या खुर्चीवर.” मग स्वयंपाकघरात गेली.

१२ फेब्रुवारी

गेल्या जूनमध्ये लेक कच्चा मजकूर घेऊन आली होती. मुखपृष्ठावर दोघांची नावं, माझं आधी. प्रकाशकाचे पैसे सगळे मलाच देणार होती — साठ हजार. उसनं नाव नको म्हणालो, आणि न उघडताच परत दिला.