दुसऱ्या भागातला तांडेल

५ जाने., सोम.
डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं, बायपास ह्याच आठवड्यात. हे संमतीच्या कागदावर सही करायची सोडून माझ्याशी चहावरून भांडले. घाबरलेत, पण बोलतील तर शपथ.

संध्याकाळी वाचनालयातून एक कादंबरी आणली. लेखिकेचं नाव कधी ऐकलेलं नाही. मराठ्यांचं आरमार, वेढ्यात अडकलेला जलदुर्ग आणि गलबत हाकत दारूगोळा घेऊन तिकडे निघालेला तांडेल. ह्यांचं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून मोठ्यानं वाचायला घेतली.

७, बुध.
दिवसभर तेच. स्वयंपाकाच्या नावानं खिचडी. हे छातीचं दुखणं विसरलेत. गलबत फुटलं, तांडेल पाण्यात, वरून तोफा... आणि पुस्तक संपलं! वाचनालयवाल्यांनी जाडी कादंबरी मधोमध कापून दोन भागांत बांधलीय. मी बघितलंच नाही. डोंबिवलीच्या ह्याच वाचनालयात जन्म गेला माझा, तरी!

हे म्हणाले, "तो जगतो का कळू दे, मग करतो सही."

हसत म्हणाले. पण पेनाला हात लावेनात. मला धडकी भरलीय.

८, गुरु.
दुसरा भाग वाचनालयाच्या दुसऱ्या एका सभासद, टिटवाळ्याच्या कांबळेबाईंकडे. वाचनालयातून फोन लावून दिला, लगेच गेले. बाईंनी पहिल्या भागाशिवायच वाचून काढलेला! "कोण कुणाचा काय कळेना, पण सोडवेना हो."

येताना राहवलं नाही. चष्मा लावला, शेवट बघितला.

तांडेल मरतो.

आता ह्यांना काय सांगू?

९, शुक्र.
सकाळपासून वाचलं. शेवटच्या पानावर आले आणि त्याला सरळ किनाऱ्याला लावलं. कोळणीनं पेज पाजली वगैरे. धादांत खोटं. ह्यांनी मान हलवली. "पेन दे."

सही झाली. मला आनंद व्हायला हवा. फसवून पाठवतेय, आणि उद्या काही बरंवाईट...

१०, शनि. ठाणे, माजिवड्याचं हॉस्पिटल
सकाळीच आत नेलं. स्ट्रेचरवरून माझा हात धरून म्हणाले, "काल शेवटचं पान वाचताना तुझा चष्मा डोक्यावर होता."

"अहो..."

"पेज छान होती."

दार लागलं. म्हणजे तो मरतो, हे ह्यांना कालच कळलं होतं. कळूनच सही केली.

बाकावर बसलेय. खूप भीती वाटतेय. आतून अजून कुणी आलेलं नाही.