नायट्रेट उतरत नाही

५ फेब्रुवारी २००७, सोमवार
नायट्रेट आजही ८०. नळीतलं पाणी लालभडक, रंगांच्या कार्डावरचा शेवटून दुसरा चौकोन. दहाच्या खाली पाहिजे. माशांचा टँक हॉलमध्ये येऊन चार महिने झाले, एकदाही आलं नाही.
काचेवर तपकिरी शेवाळ. सकाळी खरवडते, संध्याकाळी पुन्हा हजर. फेस काढणाऱ्या यंत्राचा कप आज धुतला. आत हिरवट काळा रस्सा, वास कुजलेल्या कोळंबीचा. लिंबाने तीनदा हात धुतले तरी भाताचा घास तोंडाशी नेला की तोच वास. उठले ताटावरून.
ह्यांचं काय जातंय. कुठल्याशा बिल्डरच्या ऑफिसात खाऱ्या पाण्याचा टँक बघितला, लगेच आपल्याकडे पाहिजे. सहा फुटी. शेतांवर गोदामं उभी राहिल्यापासून असलं बरंच काही पाहिजे असतं. "तू बी.एस्सी. हायस ना केमिस्ट्रीची? मंग तूच सांभाल." पंचवीस वर्षांत माझी डिग्री पहिल्यांदा आठवली, ती माशांच्या मुतासाठी.

८ फेब्रु., गुरुवार
टँकवाला सावंत ठाण्याहून आला. तोंडात गुटखा. आमच्या बेसिनमध्ये थुंकला, वर पाणीही नीट सोडलं नाही.
"मॅडम, नायट्रेट म्हणजे दुसरं काय? घाण. मासे खातात, हगतात, उरलेलं कुजतं, सगळ्याचं शेवटी नायट्रेट होतं. पाणी बदललं की निघून जातं." दर आठवड्याला पाव टँक बदला, खाणं निम्मं करा, स्पंज धुवा.
जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी काढली. आत जांभळं, थरथरणारं काहीतरी. प्रवाळ. मी म्हटलं, ह्याला बंदी आहे ना? "इंपोर्टेड आहे मॅडम." ह्यांनी घेतलं. बंदी म्हटल्यावर जास्तच खूश.

११ फेब्रु., रवि.
दुपारी ह्यांची मित्रमंडळी. एकाने तळलेल्या चिकनची चामडी टँकमध्ये टाकली, मासा कसा ओढतो बघायला. मग सगळ्यांनीच. शेवसुद्धा. हे हसतायत. पाण्यावर तेलाचे डोळे.
मंडळी गेल्यावर खांद्यापर्यंत हात घालून एकेक तुकडा काढला. बाहीला अजून वास येतोय. झाकणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

१४ फेब्रु., बुध.
पाव टँक बदलला. गच्चीवर ड्रममध्ये बोरचं पाणी, त्यात डब्यातलं समुद्री मीठ, काठीने अर्धा तास ढवळायचं. म्युनिसिपालिटीचं पाणी एक दिवसाआड तासभर येतं, ते आम्हाला पिण्यापुरतं. मागची आमची चाळ तर सगळीच त्याच बोरवर, पिण्यापासून धुण्यापर्यंत.
भारनियमन, म्हणून खाली पाणी बादल्यांनी आणलं. बावीस खेपा. कंबर गेली.
संध्याकाळी मोजलं. ८०.
सावंतला फोन. "एकदम नाय उतरणार मॅडम. पेशन्स."

१९ फेब्रु., सोम.
पुन्हा पाव टँक बदलला. खाणं निम्मं. स्पंज धुतला. झाकण आठवडाभर बंद. सावंतने सांगितलेलं अक्षर न् अक्षर केलं.
सकाळी सावंतकडून घेतलेलं ते फुलासारखं, बोटं हलवणारं प्रवाळ मेलेलं. पांढरा शेंबूड झालेला. काढताना हातात विरघळलं. शी. अंघोळ केली तरी अंगावर काहीतरी चिकटलंय असं वाटतंय.
नायट्रेट आज शंभराच्या पुढे. कार्डावर त्याला रंगच नाही.
हे कसं शक्य आहे? पाव टँक घाण उपसून टाकते आणि आकडा वाढतो. म्हणजे जेवढी काढते तेवढी, नाहीतर जास्तच, मी स्वतः आत ओततेय. पण नव्या पाण्यात कुठून...

२० फेब्रु., मंगळ.
ड्रममधलं नवीन पाणी मोजलं. टँकमध्ये अजून गेलेलं नाही, एका माशाने त्यात श्वास घेतलेला नाही. लाल.
मीठ खराब असेल. नुसतं बोरचं पाणी घेतलं. आणखी लाल. जवळजवळ तपकिरी.
प्यायच्या पिंपातलं म्युनिसिपालिटीचं घेतलं. स्वच्छ पिवळं. म्हणजे किट बरोबर आहे.
तिन्ही पुन्हा केली. पुन्हा केली. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला करायचे तशी, आकडे मांडून.
सावंत म्हणाला होता, सगळ्या घाणीचं शेवटी नायट्रेट होतं. बोरमध्ये काही मासे नाहीत.

२१ फेब्रु., बुध.
चाळीच्या मागे गेले. लग्न होऊन ह्या घरात आल्याला पंचवीस वर्षं, तिथे आज पहिल्यांदा. भाडं आणायला हे जातात, मी कशाला जाऊ?
बावीस खोल्यांना चार संडास. मागे मैल्याची टाकी, तिच्यावरची फरशी मधोमध फुटलेली. आत बघितलं. बघायला नको होतं. वर साय धरल्यासारखं, आणि ती हलत होती. अळ्या. कडेच्या भिंतीला आडवी चीर, तिथून काळं पाणी पाझरून जमिनीत जातंय. तिथून बोरच्या पाइपापर्यंत चालत गेले. बारा पावलं.
गटाराकडेला ओकले.
कोपऱ्यातल्या खोलीतून नसीम बाहेर आली. युपीची. नवरा पॉवरलूमवर, ही घरी सुताच्या कांड्या भरते. "भाभी, आप इधर?" तोंड धुवायला तांब्या दिला. पाणी बोरचंच. मी तोंडाला लावलं नाही, तिच्या लक्षात आलं.
कडेवर मुलगी, अडीच महिन्यांची. आयेशा. तोंडात बाटली. कांड्यांच्या कामात अंगावरचं पुरत नाही म्हणून पावडरचं दूध देते. ओठ जरा निळसर वाटले. "सर्दी है. डॉक्टर बोला ठीक हो जाएगी."
पाणी उकळतेस ना, मी विचारलं. "बीस मिनट, भाभी. पूरा खौला के."
"अच्छा करती हो," म्हणून आले.

२२ फेब्रु., गुरु.
नाक्यावरच्या सायबर कॅफेत तासभर बसले. आयुष्यात दुसऱ्यांदा. शेजारी पोरं गोळीबाराचा खेळ खेळत होती.
पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ च्या वर नको. लहान बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. बाळ निळं पडतं. बाटलीचं दूध पिणारं असेल तर जास्त. आणि उकळून नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, ते मागे उरतं. उकळाल तेवढं दाट.
वीस मिनिटं. आणि मी शाबासकी देऊन आले.
तशीच रिक्षाने चाळीत. आयेशाला दोन दिवस जुलाब होतायत, म्हणून दर तासाला बाटली चालू. नखं राखाडी. रडतही नव्हती. नसीमला म्हटलं, चल. "शौहर को पूछना पड़ेगा." बाटली हिसकावून घेतली तिच्या हातातून, तेव्हा तिला कळलं. गाडी ह्यांनी नेलेली. रिक्षावाला ठाण्यापर्यंत येईना, त्याला ह्यांच्या नावाचा धाक घातला. पहिल्यांदाच त्या नावाचा काही उपयोग झाला.
मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्त काढलं तर तपकिरी, काढ्यासारखं. मी म्हटलं, बोरच्या पाण्यात नायट्रेट आहे, शंभराच्या वर. तिने मान वर करून बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"
"नाही. घरी फिशटँक आहे."

२४ फेब्रु., शनि.
शिरेतून निळ्या रंगाचं औषध दिलं. निळ्या पडलेल्या पोरीला निळं औषध. आज ओठ गुलाबी. घसा फाटेस्तोवर रडली, वॉर्डातली सगळी खूश.
नसीमने हात धरला. "भाभी, हमारे पानी में किसने क्या मिलाया?"
मी म्हटलं, टाकी फुटलीय. किसने, ते नाही सांगितलं. माझी स्वतःचीच किळस आली.

२५ फेब्रु., रवि.
ह्यांना सांगितलं. नळ्या समोर मांडून, रंग दाखवून.
"माज्या बापानं मारलेली बोर हाय ती. तीस वर्सं लोक पितात. कोन मेला?"
"मग आपण का नाही पीत?"
ह्यांनी एकदम नळी उचलून उजेडात धरली. मला वाटलं, पोचलं.
"म्हंजे आपले मासे ह्याच्यानंच मरतात?"
मी उठून आत गेले. ह्या माणसाचे डबे भरलेत मी पंचवीस वर्षं.

२८ फेब्रु., बुध.
सावंत फिल्टर घेऊन आला. तीन नळकांडी, मोटर, पडद्यातून पाणी दाबून गाळणारा. टँकशेजारीच, हॉलच्या भिंतीवर बसवला, गच्चीच्या टाकीतल्या बोरच्या पाण्यावर. तोटीतून सुतासारखी धार. मोजलं: दहाच्या खाली. इतके दिवस ज्या आकड्यासाठी जीव टाकत होते तो आला आणि मला काहीच वाटलं नाही.
मी ह्यांना म्हटलं, असाच मोठा चाळीला लावा. आणि मैल्याची टाकी आधी उपसून नवी बांधा.
"चालीत काय फिल्टर लावतात? टाकीचं पावसाल्यानंतर बगू."
"आणि तोपर्यंत?"
"तोपर्यंत काय? उकलून पितील."
पुन्हा सगळं सांगितलं, उकळलं तर वाढतं म्हणून. मोबाइलवर बोटं चालू होती. दुपारी मंडळींबरोबर अकलोलीला गेले, गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला. होळीच्या आधी येतो म्हणाले.

१ मार्च, गुरु.
आयेशा घरी आली. तिच्या दुधासाठी आमच्या पिंपातलं पाणी कॅनमध्ये भरून नेलं. नसीमच्या शेजारची शांताबाई दारातून बघत होती, सोलापूरची, सूत गुंडाळते. तिच्या सुनेला सातवा महिना. "हिलाच का ओ पाणी? आम्ही काय केलंय?" सांगितलं. ऐकून घेतलं, पण विश्वास नाही. पाणी दिसायला स्वच्छ आहे, वास नाही, चव गोड.
बाटलीवर असलेली आणखी दोन बाळं आहेत चाळीत. दारोदार फिरून मोजली.
तिथून पाणी खात्याच्या ऑफिसात दोन बाटल्या दिल्या. कारकुनाने फॉर्म घेतला. तक्रार कोणाची? माझी. कोणाविरुद्ध? चाळीच्या मालकाविरुद्ध. नाव सांगितलं. लिहिता लिहिता थांबला. आधी लिहिलेलं माझं आडनाव बघितलं.
"बाई, हे तुमचे कोण?"
"मालक."
"चाळीचे?"
"दोन्ही."
लिहून घेतलं. तपासायला दिवस लागतील म्हणाला, पण पोच दिली. सही, शिक्का. उशीखाली ठेवलीय.

२ मार्च, शुक्र.
सकाळी सातला पंपाच्या खोलीत गेले. बोरच्या मोटरचे फ्यूज काढले, दाराला टँकच्या झाकणाचं कुलूप लावलं. नळावर पुठ्ठा टांगला, हिंदीत: यह पानी मत पियो, बच्चों को मत दो.
खासगी टँकरवाल्याला फोन. होळीमुळे उद्या संध्याकाळी येतो म्हणाला. एवढा विचार मी केलाच नव्हता.
नऊला सगळ्या बायका फाटकात. रिकामे हंडे. शांताबाई पुढे. "उद्या सण, घरात माणसं, आणि तुम्ही पाणी तोडता? मारायचंय का आम्हाला?" मागून कोणीतरी ओरडलं, खोल्या खाली करवून गोदाम बांधायचंय ह्यांना. मी सांगतेय नायट्रेट, मैला, बाळं. एकीलाही ऐकू जात नव्हतं. नसीमही त्यांच्यातच उभी, हंडा घेऊन, माझ्याकडे न बघता. तिला तरी दुसरं काय करता येणार होतं?
पिंपातलं पाणी वाटलं, दहाला संपलं. म्युनिसिपालिटीचं आमच्याकडे आता उद्याच येणार.
मग दार सताड उघडलं आणि आत बोलावलं. फिल्टरला एकच तोटी, ती हॉलमध्ये. कोणी पाऊल उचलेना. शेवटी शांताबाई आली, चपला बाहेर काढून. मग बाकीच्या.
एक हंडा भरायला पाऊण तास. आधी बाळांच्या घरचे, मग शांताबाईच्या सुनेचा, हे त्यांनीच ठरवलं, भांडून. नसीमचा पहिला भरला. जाताना म्हणाली, "मैं सबको समझाती हूँ, भाभी. पर टैंकर कल सच में आएगा ना?"
आता दोन वाजलेत. सोफ्यावर कोणी बसायला तयार नाही, अकरा जणी फरशीवर. फरशीभर चिखलाची पावलं. एकजण माशांना बघून हसली, बाकीच्या माझ्यावर अजून रागातच आहेत. गच्चीच्या टाकीत किती उरलंय माहीत नाही. सगळ्यांचं होईल असं वाटत नाही.
मी तोटीपाशी हंडा धरून बसलेय, मांडीवर वही.
फाटकाशी हॉर्न वाजतोय. ह्यांची गाडी, सोबत मंडळी असणार. बायका उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा.
पुन्हा वाजला. शांताबाईचा हंडा अर्ध्यावर आलाय. तो भरेपर्यंत मी इथून उठणार नाही.