तुझ्याच नियमाने

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. भावजयीची प्रकृती सुधारली, हे वाचून समाधान वाटले. माझे म्हणशील तर सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी बाह्यरुग्ण विभाग. उसंत अशी नाही. पत्रात ‘तातडीचे’ हा शब्द तू वारंवार वापरला आहेस. तुझा हर्निया दुखरा आहे, तातडीचा नाही. शब्द जपून वापरावेत. खरी तातडी आपल्या घराने पाहिली आहे.

“ताई, घरचा माणूस म्हणून थेट तुझ्याच टेबलावर घे ना,” असे तू लिहितोस. विभागीय आरोग्य मंडळाच्या अध्यक्षाने हे लिहावे? प्रत्येकाने आधी आपल्या भागातल्या रुग्णालयात जावे, तिथल्या डॉक्टरांनी पाठवले तरच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात यावे, हा नियम तुझाच. तू राहतोस खोऱ्यात. तेव्हा खोऱ्यातल्या रुग्णालयात जा. बाकावर बस.

तिथले शस्त्रक्रियागृह मी उभे केले होते. ते बंद करताना भर बैठकीत तू म्हणालास, “रिकाम्या टेबलाची धूळ झटकायला का पगार द्यायचा, ताई?” सगळे हसले. घरी आई म्हणाली, “माझी दोन्ही पोरं कात्री चालवतात; टाके मात्र एकटी थोरलीच घालते.”

त्याच हिवाळ्यात तिचे आतडे फुटले. ते रिकामे टेबल घरापासून हाकेच्या अंतरावर होते. तुझ्या नियमाप्रमाणे तिला तिथे तपासले आणि रुग्णवाहिकेने इकडे पाठवले. मी हात धुऊन, हातमोजे घालून, हात छातीपुढे धरून, कशालाही स्पर्श न करता उभी होते. दार उघडले. परिचारिका एवढेच म्हणाली, “मॅडम, हातमोजे काढा.”

तू म्हणालास, “नशीब!” मी गप्प बसले. गप्प बसणे म्हणजे विसरणे, असा तुझा समज झालेला दिसतो.

अध्यक्षांची गाडी फाटकातून आत सोडायची नाही, असे मी सांगून ठेवले आहे. रुग्णवाहिकेनेच ये. त्या वळणावळणाच्या रस्त्यावर उताणा पडून वर बघ. आईने शेवटचे पाहिले ते तेच छप्पर.

शस्त्रक्रिया मीच करीन आणि बिनचूक करीन. माझ्या हातून काही चुकले, तर मला क्षमा करण्याची सोय तुला होईल. ती मी ठेवणार नाही. आईला घालता आले नाहीत ते टाके तू जन्मभर अंगावर वागवशील.

तू फक्त पोहोच. मी हात धुऊन उभी असेन.

‘तुझी ताई’ असे लिहवत नाही.

आईची थोरली